मागच्या चाकामागचं वजन

मोहिमेचा अकरावा दिवस. मुक्काम मिरजेला, एका मंगल कार्यालयात. संध्याकाळी सहाला गाड्या लागल्या आणि साडेसहाला मी स्पॅनर हातात घेतला. सात मोटरसायकली होत्या, सगळ्या साडेसहाशे सीसीच्या, लांब पल्ल्याच्या. मागे एक सपोर्ट गाडी. मी नायब सुभेदार, ट्रेडने व्हेईकल मेकॅनिक. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

गावाकडे लोक विचारतात, सीमेवर काय केलंत? मी खरं सांगतो, नटबोल्ट आवळले. अठ्ठावीस वर्षं तेच केलं. ऐकणाऱ्याचा विरस होतो, पण उपाय नाही. माझ्या हातून गोळी सुटली ती फक्त फायरिंग रेंजवर. मात्र माझ्या कामामुळे एक माणूस गेला, आणि ते मी बरीच वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. ही आठवण त्याची आहे.

मोहिमेचं काम साधं होतं. आमच्या युनिटमधले जे जवान गेले त्यांच्या घरी जायचं, आईवडिलांना भेटायचं, काही अडलं असेल तर लिहून घ्यायचं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी तीन दिवस ठेवले होते, कारण युनिटमध्ये इकडची पोरं पुष्कळ. मी स्वतः औंधजवळचा.

त्या संध्याकाळी प्रत्येक गाडी मेन स्टँडवर घेतली. पुढचं चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. स्टीअरिंगचं बेअरिंग ढिलं असेल तर ते तळहाताला कळतं. टायरची हवा मोजली, चाकं फिरवून पाहिली. मोठ्या गाड्यांना एक दुखणं असतं, म्हणून ही तपासणी मी रोज करत होतो. सरळ रस्त्यावर, एका ठरावीक वेगाला, काही निमित्त मिळालं की हँडल आपोआप डावीकडे-उजवीकडे मारायला लागतं. इतक्या वेगाने मारतं की डोळ्यांना मोजता येत नाही. आम्ही त्याला वॉबल म्हणतो. घाबरून मुठी आवळल्या की ते वाढतं. पुढचा ब्रेक दाबला तर माणूस गाडीवर राहत नाही.

कारणं अनेक असतात. झिजलेला टायर, ढिलं बेअरिंग, कमी हवा. पण सगळ्यात सोपं कारण म्हणजे वजन मागे बांधणं. मागच्या चाकाच्या ॲक्सलच्याही मागे, उंचावर वजन ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि रस्ता नीट धरत नाही. नव्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवायचो. सांगताना आवाजही चढवायचो.

दुसऱ्या दिवशी पहिली भेट नाईक बजरंगच्या घरी होती.

बजरंग आमचा डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर. टपाल आणि निकडीचं सामान मोटरसायकलवरून पोचवणं हे त्याचं काम. आठ वर्षांपूर्वी आम्ही राजस्थानात होतो. मी तेव्हा हवालदार. एका सकाळी पुढच्या ठाण्यावरून निरोप आला की जनरेटर बंद पडलाय, बॅटऱ्या पाठवा. ट्रक नऊला निघणार होता. तोवर ठाण्यावरचा रेडिओ बंद राहिला असता. मी म्हटलं, बजरंग नेईल. दोन बॅटऱ्या आणि हत्यारांची पेटी, मिळून एक्केचाळीस किलो. सीटवर टपालाची बॅग होती, म्हणून सगळं मागच्या कॅरिअरवर मी माझ्या हाताने बांधलं. त्याने गाडी जरा हलवून पाहिली आणि हसून म्हणाला की उस्ताद, घोडी पुढून उठतीय. मी म्हटलं, जा, चौदा-पंधरा किलोमीटरचा तर प्रश्न आहे.

गेटच्या रजिस्टरमध्ये तो सहा सतराला बाहेर पडल्याची नोंद आहे. समोरून येणाऱ्या गस्तीच्या ट्रकच्या ड्रायव्हरने चौदाव्या किलोमीटरवर लांबून धूळ उडालेली पाहिली. त्याच्या नोंदीत वेळ सहा एकतीस. ट्रक पोचला तेव्हा बजरंग गेलेला होता.

चौकशी झाली. मला विचारलं, गाडी फिट होती का? मी म्हटलं, होती. ते खरं होतं. बॅटऱ्या रस्त्यात पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या कुठे आणि कशा बांधल्या होत्या हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. कागदावर आलं, अतिवेगामुळे ताबा सुटला. चौदा किलोमीटर, चौदा मिनिटं. म्हणजे तासाला साठ. त्या सरळ रस्त्यावर साठ म्हणजे काहीच नाही. निघाल्याची आणि पडल्याची वेळ दोन वेगवेगळ्या कागदांवर होती आणि ती शेजारी-शेजारी मांडणारा मी एकटाच होतो. मी गप्प राहिलो. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

कवठे महांकाळच्या पुढे बारा किलोमीटरवर त्याचं गाव. आम्ही अकराला पोचलो. मार्च महिना, ऊन कडक, आणि जिकडेतिकडे बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्या. घरी बजरंगची आई हौसाबाई आणि थोरला भाऊ तानाजी. वडील बजरंगच्या आधीच गेले होते. मोहिमेचे प्रमुख मेजर साहेब उत्तरेकडचे, पण आईंच्या पाया पडले, जमिनीवर बसून पोहे खाल्ले. भिंतीवर बजरंगचा वर्दीतला फोटो होता. मी त्याच्याकडे पाठ येईल असा बसलो.

हौसाबाईंनी सगळ्यांची विचारपूस केली. कोण कुठला, घरी कोण कोण. मी औंधकडचा म्हटल्यावर यमाईदेवीची यात्रा कशी झाली ते विचारलं. मग अंगणात येऊन गाड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"हळू चालवा रं बाळांनो," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरानं ऐकलं न्हाई. मस्ती व्हती अंगात."

तानाजीने मान हलवली. त्यात राग नव्हता, नुसती सवय होती. हे वाक्य त्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल ते मला त्या मान हलवण्यावरून कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहाचा कप ठेवायला म्हणून आत गेलो.

बाहेर आलो तर तानाजी बेदाण्याच्या दोन पेट्या उचलून आणत होता. पंधरा-पंधरा किलोच्या पुठ्ठ्याच्या पेट्या. आमच्याकडे पोरगा रजा संपवून पलटणीत निघाला की घरचे त्याला मोकळ्या हाताने पाठवत नाहीत. कोणी भडंग देतो, कोणी गुळाची ढेप देतो. बजरंग दरवेळी बेदाण्याची पेटी आणायचा. थोडा युनिटच्या मंदिरात प्रसादाला, बाकीचा बराकीत. आठ वर्षांत या घरातून पेटी गेली नव्हती. हौसाबाईंनी आमच्यासाठी दोन राखून ठेवल्या होत्या.

सपोर्ट गाडी सकाळीच पुढे साताऱ्याला गेली होती. तिथे पाच वाजता माजी सैनिकांचा कार्यक्रम होता. सगळ्यांच्या सीटवर कपड्यांच्या बॅगा, बाजूचे डबे भरलेले. मेजर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की माताजींचा मान राखायचा आहे, तुम्ही बघून घ्या.

लान्स नाईक सलीम मुलाणीच्या गाडीचा मागचा रॅक तेवढा रिकामा होता. त्याच्या रॅकवर औषधांची पेटी असायची, ती सपोर्ट गाडीत गेली होती. सलीम वाईचा. वडील तिथे गाद्या भरतात. पाचच्या कार्यक्रमाला ते येणार होते आणि तो सकाळपासून बूट पुसत होता. त्याच्या रॅकवर कंपनीचा स्टिकर होता की सात किलोपेक्षा जास्त वजन ठेवू नये. मी तो वाचला. त्याच्यावरच पहिली पेटी ठेवली.

करायला हवं होतं ते अवघड नव्हतं. सलीमची बॅग उतरवायची, एक पेटी सीटवर त्याच्या पाठीला टेकवून बांधायची, दुसरी तशीच माझ्या गाडीवर घ्यायची, आणि बॅगा मागे टाकायच्या. वीस मिनिटांचं काम. पण हौसाबाई दोरी घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि मला तिथून निघायचं होतं. मी पेटीवर पेटी ठेवली, दोरी आवळली, वरून जाळी ताणली. माझी गाठ सुटत नाही, युनिटमध्ये सगळ्यांना माहीत आहे. हौसाबाईंनी पेटीवर हळदकुंकू लावलं.

एक दहाला निघालो. क्रम ठरलेला. पुढे मेजर साहेब, म्हणजे लीड; सलीम सहावा; मी शेवटचा, म्हणजे टेल. सगळ्यांच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम. ऐंशीच्या वेगाने मिरज, सांगली, आष्टा. गाडी सरळ चालत होती. वॉबलचं असंच असतं. ऐंशीला काही कळत नाही.

पेठ नाक्याला तीन वाजून पाच मिनिटांनी थांबलो. पाणी प्यायलो. सलीम माझ्याकडे आला.

"साहेब, पुढनं हलकी लागतीया."

मी पेट्या हलवून पाहिल्या. घट्ट होत्या. मागच्या टायरची हवा पाहिली, बरोबर होती. आठ वर्षांपूर्वीचं ते हसणं मला तिथे ऐकू आलं, हे मी लपवत नाही. पण मेजर साहेब घड्याळ पाहत होते. साताऱ्याला ऐंशी किलोमीटर राहिले होते. मी स्वतःशी म्हटलं, साताऱ्यात उतरवू. सलीमला म्हटलं की जरा पुढे सरकून बस. तो हो साहेब म्हणाला आणि हेल्मेट चढवलं. माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता, आणि तेच वाईट होतं.

हायवेला लागल्यावर इंटरकॉमवर आदेश आला, "लीड टू ऑल. स्पीड पंचानवे. गॅप पचास मीटर."

कऱ्हाड तीन अडतीसला मागे पडलं. सलीमच्या मागे पन्नास मीटरवर मी. माझी नजर त्या दोन पेट्यांवरून हलत नव्हती. उसाचा शेवटचा हंगाम, डाव्या लेनला कारखान्याकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. आम्ही उजव्या लेनला. उंब्रजच्या अलीकडे एका कंटेनरमुळे आम्ही दोघे मागे राहिलो, पुढचे पाचही बरेच लांब गेले. तो कंटेनर ओलांडताना सलीमची गाडी वाऱ्याच्या झोतातून बाहेर पडली. त्या झोताने पेट्या डावीकडे झुकल्या, मग उजवीकडे, आणि मग थांबल्या नाहीत.

आधी मागचं चाक नागमोडी चालायला लागलं. दोन सेकंदांनी पुढचं. सलीमचे कोपर थरथरताना मला मागून दिसत होते.

"साहेब, हँडल हातात ऱ्हाईना."

"ब्रेक नको. सलीम, ब्रेकला हात लावू नको."

"लय मारतंय."

"मारू दे. मुठी सैल कर. थ्रॉटल सोड, हळू. एकदम सोडू नको."

मेजर साहेबांचा आवाज आला, "टेल, क्या हुआ?"

"चॅनल मोकळं ठेवा, साहेब."

नायब सुभेदाराने मेजरला असं बोलायचं नसतं. चॅनल मोकळं झालं.

माझ्या मागे एक बस होती, हॉर्न वाजवत. मी गाडी लेनच्या मधोमध आणली आणि डावा हात बाजूला काढून खालीवर हलवायला लागलो. बस मागे राहिली की नाही ते पाहायला मान वळवली नाही. सलीमच्या पुढे साधारण दोनशे मीटरवर उसाचा एक ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला ओलांडायला उजव्या लेनमध्ये येत होता. म्हणजे दोन्ही लेन बंद. चार ट्रॉल्या ऊस, आणि ट्रॅक्टरचा वेग वीस.

सलीमला ते दिसलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या लिव्हरकडे गेलेली मला दिसली.

"बोटं मागं घे."

"साहेब, ट्रॉली."

"दिसतीया मला. बोटं मागं घे. टाकीवर वाक. छाती टाकीला लाव."

तो वाकला. हे करायला किती धीर लागतो ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. समोर भिंतीसारखा ऊस, आणि ब्रेक न लावता तोंड पुढे करायचं.

"गुडघे आवळ. हँडल सोडल्यासारखं धर. माझा आवाज ऐक."

माझ्या मीटरवर मी त्याच्याबरोबर उतरत होतो. मोठ्याने म्हणत गेलो. नव्वद. पंच्याऐंशी. त्याचं वजन पुढच्या चाकावर आलं तसं मारणं जरा कमी झालं. ऐंशी. पुन्हा वाढलं. त्याच्या तोंडून कलमा ऐकू येत होता, अगदी हळू. मीही यमाईचं नाव घेत होतो, पण मनात, कारण चॅनलवर त्याला दुसरं काही ऐकू येता कामा नये. पंच्याहत्तर. सत्तर. माझ्या गाठी सुटाव्यात, पेट्या पडाव्यात, असं मला फार वाटत होतं. गाठी सुटल्या नाहीत.

पासष्टला हँडल थांबलं. एकदम थांबलं, कोणी हाताने धरावं तसं.

"आता मागचा ब्रेक. हळू. डावीकडं घे, मातीवर उतर."

तो दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे, दहा-बारा पावलांवर, कडेच्या मातीत थांबला. स्टँड लावायचं त्याला सुचलं नाही. मी धावत जाऊन गाडी धरली. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. मी त्याच्या हेल्मेटचा बंद सोडला. घड्याळात तीन एकावन्न झाले होते.

मेजर साहेब पुढे गाडी लावून पळत मागे आले. घाबरले होते, म्हणून चिडले होते. अधिकारी असले तरी माणूसच.

"पंचानवे बोला था. कितने पे था तू? एक सौ बीस?"

सलीम सावधान उभा राहिला. फौजेत वरिष्ठ बोलत असताना मध्ये बोलत नाहीत.

"मस्ती चढी थी. आज से तू गाड़ी में बैठेगा. रिपोर्ट में ओव्हरस्पीड लिखूँगा."

तोच शब्द. मस्ती. सकाळी एका आईच्या तोंडून ऐकलेला. सलीम निदान उभा तरी होता. बजरंगला ती सोयही नव्हती. मग माझा आवाज मला ऐकू आला.

मी म्हटलं, "साहेब, हा पंच्याण्णवलाच होता. मी मागे होतो, माझ्या मीटरवर पाहिलंय. वजन मी चुकीच्या जागी बांधलं. पेठ नाक्यावर त्याने मला सांगितलं, तरी मी सोडलं नाही. आणि ही माझी दुसरी वेळ आहे."

मग तिथेच, ट्रक जात असताना, मी बजरंगचं सगळं सांगितलं. बॅटऱ्या, कॅरिअर, सहा सतरा, सहा एकतीस. सगळी टीम ऐकत होती. मेजर साहेबांनी मला थांबवलं नाही.

"इन्क्वायरी में बताया था आपने?"

"नाही साहेब."

"क्यों?"

"भीती वाटली."

ते सलीमकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तू गाडी चांगली सांभाळलीस, मी चुकीचं बोललो. ते पाहून मला माझी जास्तच लाज वाटली. त्यांना चूक कबूल करायला तीन मिनिटं लागली होती.

सपोर्ट गाडी साताऱ्याहून मागे बोलावली. पेट्या तीत गेल्या, पुढे युनिटला पोचल्या. सलीमने पुढचा रस्ता स्वतः गाडी चालवत पुरा केला आणि त्याचे वडील त्याला भेटले. मी लेखी निवेदन दिलं. मला निवृत्त होताना ठपका मिळाला, तो योग्यच होता. जुन्या चौकशीचा निष्कर्ष बदलला की नाही हे मला कोणी कळवलं नाही. पण त्या क्षणी रस्त्यात मी मेजर साहेबांकडे एकच मागणी केली. मला हौसाबाईंकडे परत जाऊ द्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत साताऱ्यात हजर व्हायला सांगितलं.

सव्वासहाला मी पुन्हा हौसाबाईंच्या अंगणात होतो. ऊन उतरलं होतं. त्या शेडमधून आणलेले बेदाणे निवडत बसल्या होत्या. मला एकट्याला पाहून उठल्या.

"काय राह्यलं का, बाबा?"

मी सांगितलं. उभ्यानेच. तानाजी गोठ्यातून बाहेर आला आणि मधेच ऐकायला लागला. संपल्यावर तो माझ्या अंगावर येईल असं वाटलं. आला असता तर मी हात उचलला नसता. तो आला नाही. नुसता म्हणाला, "आठ वरसं?" आणि तोंड फिरवून उभा राहिला.

हौसाबाई माझ्या गाडीजवळ गेल्या.

"कुठं बांधलं व्हतं? दावा."

मी मागच्या चाकाच्या मागे, रॅकच्या टोकावर हात ठेवला. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा तिथे ठेवून दाबला. सीट खाली गेली, पुढचा भाग किंचित उठला. जन्मभर बैलगाड्या भरलेली बाई. गाडीत मागे जास्त माल पडला की जू वर उचललं जातं, बैलाच्या मानेवर टेकत नाही. त्याला आमच्याकडे उलाळ म्हणतात.

"म्हंजी गाडी उलाळ भरली व्हती," त्या म्हणाल्या.

"व्हय, आई."

"आन् त्यो जोरात न्हवता?"

"न्हाई. नेहमीसारखा चालला होता."

त्यांनी हात काढला नाही. "समदं गाव म्हनतं, हौसाचं पोरगं मस्तीनं गेलं. मी बी म्हनलं. फोटोम्होरं दिवा लावताना रोज म्हनलं."

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला शिव्या देतील, किंवा माफ तरी करतील. मी तिन्हींची तयारी करून आलो होतो. त्यांनी तिन्हींपैकी काहीच केलं नाही.

"सकाळी डेअरीवर दूध घालाय समदं गाव येतं," त्या म्हणाल्या. "तितं सांगायचं. मग जायचं."

तानाजीने मला ओसरीवर अंथरूण टाकून दिलं.

सकाळी सातला डेअरीसमोर चाळीसेक माणसं होती. कॅन, किटल्या, सायकली. मी वर्दी घातली होती. वजनकाट्याशेजारी उभा राहिलो आणि तानाजीने डेअरीवाल्याला मशीन बंद करायला सांगितलं. मी सावधान झालो. माझं नाव, माझा हुद्दा, मग वेळ. चौदा किलोमीटर, चौदा मिनिटं, वेग साठ. मागे एक्केचाळीस किलो वजन, ते मी बांधलं, चुकीच्या जागी बांधलं. गाडी चालवणाऱ्याने आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याने गाडी बरोबर चालवली. चूक माझी.

पुढचा एक म्हातारा जमिनीकडे पाहत होता. हौसाबाई रांगेच्या अगदी शेवटी, किटली हातात धरून उभ्या होत्या.

"मागं न्हाई ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं सांगा. त्याच्या नावापासनं."

मी आवाज चढवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"नाईक बजरंग."